तोंड धुऊन बाहेर येण्याआधी

बायबलमधल्या योसेफाची गोष्ट संडे स्कूलमध्ये झग्यापासून सुरू होते आणि भावांच्या मिठीवर संपते. मधलं एक वचन मुलांना कोणी पाठ करायला देत नाही. बायबलचं पहिलं पुस्तक उत्पत्ती, त्याच्या ४३व्या अध्यायात धाकट्या भावाला, बन्यामिनाला पाहून योसेफाच्या पोटात कालवतं. तो घाईघाईने आतल्या खोलीत जातो, रडतो, मग तोंड धुऊन बाहेर येतो, स्वतःला आवरतो आणि म्हणतो, जेवण वाढा.

हे वाचलं की मला आमच्या वेंगुर्ल्याकडच्या घराची मोरी दिसते. मी नऊ वर्षांची असताना माझा धाकटा भाऊ आषाढातल्या ओहोळात वाहून गेला. तेव्हापासून आई मधूनच मोरीत जायची, तांब्याचा आवाज व्हायचा आणि ती पदराने तोंड पुसत बाहेर यायची. विचारलं तर म्हणायची, "डोळ्यात धूर गेलो." समाचाराला आलेल्या बायका सांगून गेल्या, "उगी रव, होवचा ता झाला." बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकाने सांगितलं की मुलगा प्रभूजवळ आहे, तेव्हा रडणं हा अविश्वास. त्यानंतर तीस वर्षं भावाचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही.

पुढे लग्न होऊन मी वसईला कॅथलिक घरात आले. माहेरची मंडळी प्रॉटेस्टंट, सासरचं चर्च वेगळं, पण मोरीत जाऊन रडणाऱ्या बायका दोन्हीकडे सारख्याच, आणि पुरुष तर तेवढंही करत नाहीत. आधी स्वतःच्या आणि मग इतरांच्या दुःखाजवळ बसताना जे हाती लागलं, ते ज्यांनी पुरलेलं दुःख उकरायच्या या वाटेवर अजून पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी लिहिते आहे. क्रम थोडा पुढेमागे झाला तरी चालेल. पहिली पायरी मात्र सोडू नका.

आधी झोप आणि पेज

एलीया संदेष्टा जीव वाचवत रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, आता मला मरू दे (१ राजे, अध्याय १९). देवदूत आला तो प्रवचन द्यायला नव्हे. त्याने हात लावून उठवलं. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू होता. एलीयाने खाल्लं आणि पुन्हा झोपला. देवदूताने दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खायला लावलं. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची चाल झाल्यावर.

म्हणून जुनं काही उकरण्याआधी दोन आठवडे नुसतं एवढंच करा: वेळेवर जेवा, रात्री मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा, रोज थोडं चाला. तालुक्याच्या डॉक्टरांकडून हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घ्या. उदासी, थकवा आणि चिडचिड यांच्यामागे कधी कधी थायरॉईड असतं. अशा वेळी लोक उपवास प्रार्थना करत बसतात आणि रक्त तपासायचं राहून जातं. उपवास करायचाच असेल तर तब्येत पाहून, नंतर.

काय पुरलंय?

योसेफाला १७व्या वर्षी सावत्र भावांनी विकलं. तिसाव्या वर्षी तो मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला, त्याच्या राज्याचा कारभारी झाला, लग्न झालं, मुलगा झाला. मुलाचं नाव त्याने मनश्शे ठेवलं, कारण "देवाने मला माझे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं." पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला दारात आले आणि या विसरलेल्या माणसाच्या डोळ्यांना पाण्याची धार लागली. उत्पत्तीच्या उरलेल्या अध्यायांत तो सात-आठ वेळा रडतो. बायबलमध्ये इतक्या वेळा रडलेला दुसरा कारभारी मला माहीत नाही.

म्हणजे ज्याबद्दल आपण "ते मी कधीच विसरलो" असं मुद्दाम सांगतो, तिथे आधी बघायचं. एक कागद घ्या. जन्मापासून आजपर्यंतची वर्षं दहा-दहांच्या गटांत मांडा आणि प्रत्येक गटासमोर दोन गोष्टी लिहा: कोण गेलं, आणि कोणी दुखावलं. मेलेलेच मोजायचे असं नाही. गर्भातच गेलेलं मूल, मुंबईला गेलेला आणि घरी पैसे पाठवून बाप म्हणून संपलेला बाप, मोडलेलं लग्न, वाटण्यांत गेलेलं घर, वादळात आडवी झालेली बाग, सगळं लिहा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने रायगड किनाऱ्यावरच्या नारळी-सुपारीच्या बागा झोपवल्या, तेव्हा आजोबांच्या हातची झाडं गेलेली माणसं नुकसानीचे फॉर्म भरत होती. शोकासाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो.

लिहिता लिहिता ज्या ओळीशी तुम्हाला अचानक चहा ठेवायची आठवण येईल, त्या ओळीवर खूण करा. आणखी काही खुणा असतात. ठरावीक महिन्यात अंगात कणकण येणं, एकच गीत चर्चमध्ये म्हणता न येणं, कुणाच्याही मयताला सगळ्यांत पुढे आणि स्वतःच्या घरच्या फोटोकडे मात्र पाठ. एका वेळी एकच ओळ निवडा. सगळ्यांत मोठी पहिली घेऊ नका, मधली घ्या.

जागा आणि वेळ

कोकणातल्या घरात एकटं बसायला जागा नसते. पडवीत बसावं तर वाटेवरचा प्रत्येक जण "काय करतंस?" विचारणार. ओहोटीच्या वेळी किनारा मोकळा असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी बहुतेक चर्चमध्ये चिटपाखरू नसतं, चावी कोणाकडे असते ते विचारून ठेवा. अर्धा तास पुरे. रात्री निजायच्या आधी हे करू नका, आणि नंतर हाताला काम राहील असं बघा: मासे निवडणं, झाडलोट, काहीही.

मालवणीत प्रार्थना

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं स्वतःचं घोडं वर्षानुवर्षं इथेच अडलं होतं.

आमची प्रार्थना छापील मराठीत. "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, आम्ही तुझे आभार मानतो." आमचं दुःख मात्र मालवणीत. वसईला आले तर इथे दुःख सामवेदीत, वाडवळीत. डोळे मिटले की जीभ आपोआप छापील होते आणि पोटातलं पोटातच राहतं. देवासमोर आपण पाहुण्यांसमोर बसल्यासारखे बसतो, नीट पदर घेऊन. दापोली तालुक्यातल्या करजगावात जन्मलेल्या नारायण वामन टिळकांनी शंभरएक वर्षांपूर्वी आपल्या लोकांना अभंग-ओवीच्या चालीत ख्रिस्ताशी बोलायला लावलं, तेव्हा ते हीच गाठ सोडवत होते असं मला वाटतं. विलायती चालीवर आपल्या माणसाला धड रडता येत नाही.

तेव्हा खूण केलेल्या ओळीबद्दल देवाशी तुमच्या घरच्या बोलीत बोला, आणि मोठ्याने. सुरुवात सुचत नसेल तर स्तोत्र १३ वाचा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा विचारतो, अजून किती काळ? तू मला विसरलास का, तोंड का लपवतोस? ही तक्रार आहे आणि ती पवित्र शास्त्रात आहे. स्तोत्रसंहितेतल्या दीडशेपैकी तिसऱ्या हिश्शाहून अधिक स्तोत्रं अशा गाऱ्हाण्यांची आहेत. गाऱ्हाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

स्तोत्र वाचून झालं की स्वतःचं लिहा. चार भाग: देवाला हाक, काय झालं ते, तू काय करावंस असं मला वाटतं, आणि शेवटी भरवसा. चौथा भाग येत नसेल तर जागा कोरी सोडा. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला शेवटी आशेचं ठिगळ लावलेलं नाही, आणि तरीही ते काढून टाकावं असं कोणाला वाटलं नाही.

लिहिण्याबद्दल शास्त्रज्ञांचंही काम आहे. १९८६ साली अमेरिकेत जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या घटनेबद्दल लिहायला लावलं. काय झालं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांना त्या दिवशी जास्तच वाईट वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. नंतरच्या अभ्यासांत हा फायदा लहान आणि सगळ्यांना सारखा नाही असं दिसलं. मीही तेवढंच सांगेन: चार दिवस करून बघा. मन दिवसेंदिवस बुडत चाललं तर थांबा. ताजं दुःख असेल, महिना-दोन महिन्यांचं, तर लिहिण्यापेक्षा माणसांत राहा.

वही कुठे ठेवायची हा खरा प्रश्न. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तिथे सगळ्यांचे हात जातात. चुलीत घातली तरी देवाने वाचलेली असते.

एक माणूस, दोन कान

बायबलमधल्या, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र बदनाम आहेत, पण त्यांची सुरुवात चांगली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर.

तुम्हाला पहिल्या सात दिवसांतला मित्र हवा आहे. त्याला पारखायची माझी रीत सोपी आहे. आधी एक लहानशी, फुटली तरी चालेल अशी गोष्ट सांगा. पंधरा दिवसांनी ती दुसऱ्याच्या तोंडून परत आली नाही, तर तो माणूस चालेल. प्रार्थना सभेत उभं राहून साक्ष द्यायची घाई करू नका. "बहिणीसाठी प्रार्थना करा हं" या वाक्यावर बसून अर्ध्या गावच्या बातम्या फिरतात.

कॅथलिक असाल तर एक घोळ टाळा. पापनिवेदन स्वतःच्या पापांसाठी असतं. तुमच्यावर कोणी केलेला अन्याय हे तुमचं पाप नाही, त्यासाठी कबुलीच्या खिडकीशी गुडघे टेकायचे नाहीत. फादरना सांगा, "मला पापनिवेदन नको, बोलायचंय, अर्धा तास द्याल का?" प्रॉटेस्टंट मंडळीत पाळकांकडे, किंवा बऱ्याचदा पाळकबाईंकडे, हेच म्हणा. पहिल्या भेटीतच सगळं सांगावं लागत नाही.

आणि उठून यायचं कधी? समोरचा म्हणाला की तुझा विश्वास कमी पडतो, किंवा हा पूर्वजांचा शाप आहे, किंवा गोळ्या बंद कर म्हणजे देव काम करेल, किंवा बरं होण्यासाठी अमुक रक्कम दे. चारांपैकी एक ऐकलंत तरी चप्पल घाला.

एक वचन तुमच्यावर नक्की फेकलं जाईल: "आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका" (१ थेस्सलनीका ४:१३). पौल तिथे शोक करूच नका म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका म्हणतो. लाजर मेला तेव्हा मार्था आणि मरीया दोघींनी वेगवेगळं येऊन येशूला एकच बोल लावला: प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने एकीलाही गप्प केलं नाही. आपण पुढच्या घटकेला लाजराला उठवणार हे त्याला ठाऊक होतं, तरी "येशू रडला." योहान ११:३५, मराठीत दोन शब्दांचं वचन. त्या उपदेशकाला कोणीतरी हे तेव्हा वाचून दाखवायला हवं होतं.

ज्यांना माती देता आली नाही

किनाऱ्यावरच्या घरांचं हे वेगळं दुःख आहे. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, ६००हून अधिक माणसं गेली, आणि कित्येक घरांना माती द्यायला काही उरलं नाही. आजही होडी परत येत नाही असं होतंच. कायदा सात वर्षं वाट बघतो आणि मग माणूस मेला असं गृहीत धरतो, पण आईच्या मनाला सात वर्षांची मुदत नसते. दार वाजलं की ती अजून उठते.

अशांनी शरीर नाही म्हणून विधी थांबवू नये. कॅथलिक घरांनी त्याच्या नावाने मिस्सा सांगावी. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरस्तान फुलांनी आणि मेणबत्त्यांनी भरतं, तेव्हा मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशी त्याच्यासाठी एक मेणबत्ती लावावी. प्रॉटेस्टंट मंडळ्या बहुतेक ठिकाणी मृतासाठी प्रार्थना करत नाहीत, पण त्याच्या जीवनाबद्दल उपकारस्मरणाची उपासना करता येते. त्यात त्याचं नाव पूर्ण घ्या, टोपणनावासकट. त्याचा एखादा खोडसाळपणाही सांगा. हसू आलं तर येऊ द्या.

क्षमा, आणि वाटण्या

आता कठीण पायरी. ज्याने दुखावलं तो मेलेला नाही, शेजारच्या घरात आहे. सातबाऱ्यावर दोघांची नावं आहेत आणि फणस कोणाचा यावरून दरवर्षी तोंडं वाजतात. येशू म्हणतो साताच्या सत्तर वेळा क्षमा कर. मग उद्याच जाऊन पाया पडायचं का?

योसेफाने काय केलं ते बघा. भाऊ पहिल्यांदा आले तेव्हा त्याने ओळख दिली नाही. दाणे दिले, त्यांचे पैसेही गुपचूप पोत्यांत परत ठेवले, म्हणजे सूड संपलेला होता. पण विश्वास? तो नाही टाकला. बन्यामिनावर चोरीचा आळ आणून त्याने पाहिलं की हे लोक या धाकट्यालाही सोडून जातात का. त्या भावांतला यहूदा पुढे झाला आणि म्हणाला, याच्या जागी मला गुलाम ठेवा. तेव्हा योसेफ मोठ्याने रडला आणि म्हणाला, मी योसेफ.

म्हणजे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा म्हणजे वसुलीचा हक्क देवाच्या हाती देणं, ती एकट्याने करता येते, समोरच्याने माफी मागितली नाही तरी. समेटाला दोघं लागतात, आणि समोरचा बदललाय का हे तपासायची मुभा असते. क्षमा केली म्हणून जमिनीचा दावा मागे घ्यावा लागत नाही. मारणाऱ्या नवऱ्याकडे परत जावं लागत नाही. लहानपणी ज्याने हात लावला त्या काकाच्या घरी नाताळला करंज्या घेऊन जावं लागत नाही. आज एखाद्या मुलाबाबत असं काही घडत असेल तर क्षमेचा विषय बाजूला ठेवून १०९८ला फोन करा. पोक्सो कायद्याने अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, "मंडळीतल्या मंडळीत मिटवू" चालत नाही. स्त्रियांसाठी १८१ आहे.

क्षमा करायची रीत म्हणाल तर मी त्या माणसाचं नाव घेऊन, काय केलं ते नेमकं उच्चारून, "हे मी तुझ्याकडे देते" असं ख्रिस्ताला सांगते. दुसऱ्या दिवशी राग परत येतो. परत सांगते. साताच्या सत्तर वेळा हा हिशेब एकाच अपराधालाही लागू पडतो हे मला चाळिशीत कळलं.

अजून एक. "तुम्ही वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं केलं" हे योसेफाचं वाक्य लोक दुसऱ्याच्या जखमेवर मलमासारखं लावतात. ते योसेफाने स्वतः म्हटलं आहे, बाप मिसरात येऊन सतरा वर्षं राहून वारल्यानंतर. ज्याला खड्ड्यात टाकलं तोच ते म्हणू शकतो, आणि त्याला वाटेल तेव्हा. तुम्हाला आज म्हणवत नसेल तर म्हणू नका.

डॉक्टरांकडे कधी

प्रिय माणूस जाऊन सहा महिने उलटून गेले तरी ओढ तेवढीच तीव्र असेल आणि रोजचं काम, जेवण, माणसं सगळं थांबलं असेल, तर त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र नाव आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. त्या नावाला आपल्याकडे लोक अजून दचकतात, "रत्नागिरीक धाडूक होयो" अशी थट्टा करतात, पण तिथे नुसतं बाह्यरुग्ण म्हणून दाखवून संध्याकाळी घरी येता येतं. मरण्याचे विचार येत असतील तर आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा आणि रात्री एकटं झोपू नका. फादर, पाळक, प्रार्थना हे सगळं डॉक्टरांच्या बरोबरीने चालू राहू दे. एलीयाला भाकर आणि देवाची वाणी दोन्ही मिळाली होती.

किती दिवस लागतात

माहीत असलेलं सांगते. भावाबद्दलची माझी वही भरायला एक उन्हाळा लागला. आईला विचारायचं धाडस व्हायला आणखी दोन वर्षं. मे महिन्यात माहेरी गेले होते, दुपारी दोघीच स्वयंपाकघरात, ती पेज ढवळत होती. मी भावाचं नाव घेतलं आणि म्हटलं, तो काय खायचा गो? पळी थांबली. मला वाटलं, आता उठून मोरीत जाईल.

"तेका पेजेक मीठ जास्ती लागायचा," ती म्हणाली. मग त्याच्या दातांबद्दल, मग तो बेडूक खिशात घालून चर्चला आला होता त्याबद्दल. रडत रडत, माझ्यासमोर, पदर बाजूला टाकून बोलत राहिली. पेज खाली लागली. बऱ्याच वेळाने ती उठली, मोरीत गेली, तांब्याचा आवाज झाला, आणि तोंड पुसत बाहेर येऊन म्हणाली,

"जेवक वाढ गो."